न धुतलेलं कापड

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला आठवावं लागत नाही. तळा गावच्या शाळेत मला इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंचे. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. दहावीच्या वर्षी शाळा सुटल्यावर जादा तास असायचा आणि आमच्या गावाची शेवटची एसटी त्याच्या आधीच निघून जायची. वडील म्हणाले, तास सोड. दुसऱ्या दिवशी बाई आमच्या घरी आल्या, ओटीवर बसून आईच्या हातचा कोरा चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, "वर्षभर हा माझ्याकडे राहील. त्याच्या जेवणाची काळजी करू नका." त्यांचे यजमान वारले होते, मुलगी बाहेरगावी शिकत होती. मी वर्षभर त्यांच्या पडवीत झोपलो, त्यांच्या दिव्याखाली वाचलं. आज अलिबागच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळतो आणि नागावला एका वाडीत भाड्याच्या दोन खोल्यांत आईबरोबर राहतो, ते त्या पडवीमुळे.

बाई निवृत्त झाल्या त्या सुमारास कुणीतरी शाळेच्या फाटकाशी गोणपाटात बांधून एक काळं पिल्लू टाकून गेलं होतं. बाईंनी ते घरी नेलं. ती कुत्री त्यांच्याबरोबरच म्हातारी होत गेली. गेल्या वर्षी बाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन करायचं ठरलं तेव्हा मुलगी त्यांना आपल्याकडे घेऊन गेली. तिच्या बिल्डिंगमध्ये कुत्रं चालत नव्हतं. बाईंनी मला बोलावून साखळी माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "दोन महिन्यांत येते. एकच सांगते. हिला एकदा अनोळखी दारात सोडून झालंय. पुन्हा तसं करू नकोस."

मी हो म्हणालो. मी त्यांना कधी नाही म्हटलेलं नाही.

दोन महिन्यांचे सहा झाले. बाई आल्या नाहीत. त्यांना फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून फोन मुलगीच उचलायची आणि म्हणायची, "आई मजेत आहे." सहा महिने कुणी नुसतं मजेत असतं का, हे मला कळत नव्हतं. कुत्री मात्र आमच्यात रुळली. बाईंनी बरोबर दिलेल्या त्यांच्या जुन्या सुती साडीवर, आईच्या खाटेखाली झोपायची. आईने सुरुवातीला नाक मुरडलं, मग एके दिवशी मी कॉलेजातून आलो तर आई तिच्या कानातले गोचीड काढत बसली होती आणि तिला सगळ्या आळीच्या उखाळ्यापाखाळ्या सांगत होती.

त्या गोचिडांच्या पायीच आईच्या हाताला ती गाठ लागली. पोटाखाली, मागच्या पायांच्या जवळ. आधी चिंचोक्याएवढी होती. आंबे उतरले तोवर लिंबाएवढी झाली.

अलिबागला एक नवा दवाखाना निघाला होता. तिथल्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी गाठ दाबून पाहिली, तोंड उघडून हिरड्या पाहिल्या, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग म्हणाल्या, "काढलेली बरी. फुटली तर तिला फार त्रास होईल. सकाळी आणा, ऑपरेशन करू आणि एक रात्र ठेवून घेऊ."

ठेवून घेऊ, हे शब्द आमच्या घरात चांगले मानत नाहीत. माझ्या वडिलांच्या छातीत एकदा कळ आली होती, तेव्हा जिल्ह्याच्या गावातल्या एका दवाखान्याने त्यांना असंच एका रात्रीसाठी ठेवून घेतलं होतं. सकाळी वडील घरी आले ते दुसऱ्याच कुणाच्या तरी सदऱ्यात. त्यांचा अंगावरचा सदरा तिथे राहिला, तो पुन्हा मिळाला नाही. त्यानंतर ते काही वर्षं जगले, पण आई आजही म्हणते की सदरा गेला तिथून त्यांची तब्येत गेली. मी विज्ञानाचा पदवीधर आहे. मी आईला कधी हो म्हटलं नाही. पण "एक रात्र ठेवून घेऊ" ऐकल्यावर मलाही आधी तो सदराच आठवला, हे खरं आहे.

मी बाईंच्या मुलीला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आईला आत्ता यातलं काही सांगू नका हं. डोळ्यांना ताण नकोय. आणि दादा, कुत्रीचं वय झालंय ना आता? कशाला त्या जिवाची एवढी कापाकापी?"

तिचा आवाज दमलेला होता. ती कामावरून आली असेल. पण फोन ठेवल्यावर मी ते वाक्य पुन्हा पुन्हा उलगडून पाहिलं आणि दर वेळी मला त्यात काहीतरी दिसलं. तळ्याच्या घराला कुलूप होतं. तिथे बाईंची वाट बघणारं आता कुणी नव्हतं. त्यांना परत यायला एकच कारण उरलं होतं आणि ते आईच्या खाटेखाली झोपलं होतं. ते कारण गेलं तर बाई तिकडेच राहतील. मुलीला तेच हवं असेल का? आईला जवळ ठेवावंसं वाटणं हा काही गुन्हा नाही. तरी मला संशय आला, आणि एकदा आला की तो घरातल्या मुंग्यांसारखा कुठूनही यायला लागतो.

मी दवाखान्यावरही संशय घेतला. ऑपरेशनच्या दोन दिवस आधी एकटाच जाऊन आलो. बाहेरच्या खोलीत गुळगुळीत फरशी, काचेच्या पेटीत मासे, भिंतीवर गुबगुबीत परदेशी कुत्र्यांची चित्रं. जनावरं ठेवतात ती खोली मागच्या बाजूला होती आणि तिचं दार बंद होतं. तिथे काम करणारे एक गृहस्थ होते, पन्नाशीचे, सतत काहीतरी चघळणारे. मी म्हणालो, पिंजरा बघायचा आहे.

"बघा ना." त्यांनी दार उघडलं. स्वच्छ होतं. फिनेलचा वास होता. मी पिंजऱ्याची कडी हलवून पाहिली, खाली हात फिरवला, मागे दुसरं दार का आहे ते विचारलं.

"कचरा न्यायला," ते म्हणाले. "साहेब, तुम्ही तर लेक द्यायची असल्यासारखं घर बघताय."

"रात्री इथे कोण असतं?"

"मी असतो. डॉक्टर वरच राहतात."

"मी थांबलो तर चालेल?"

"नको. तुम्ही बसलात की ती झोपणार नाही. आणि तुम्ही मलाही झोपू देणार नाही, हे आत्ताच दिसतंय."

मी हसलो नाही. घरी येताना वाटलं, न थांबू देण्याचं कारण याला फार पटकन सुचलं.

आदल्या दिवशी त्या गृहस्थांचाच फोन आला. रात्री हलकं जेवण द्या, त्यानंतर काही नाही. पाणी सकाळी उठेपर्यंत चालेल. सकाळी फिरवून आणा, म्हणजे पोट मोकळं होईल. लस टोचल्याचं कार्ड आणा. "आणि तिच्या झोपायचं एखादं कापड आणा. धुऊ नका बरं का. न धुतलेलंच पाहिजे."

फोन स्पीकरवर होता. आई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"काय मागतो तो?"

"कापड. तिच्या अंथरुणाचं."

"ते कळलं. न धुतलेलं कशाला?"

मी म्हणालो, त्यांची काही पद्धत असेल. आई सूप बाजूला ठेवून माझ्याकडे अशी पाहायला लागली जणू मी अजून पाटीवर गिरवतोय. आमच्या गावात अंगावर वापरलेलं, न धुतलेलं कापड परक्याच्या हाती देत नाहीत. करणी करणारा आधी तेच मागतो. धुण्यातून एखादं कापड हरवलं तर बायका चार दिवस विहिरीवर त्याचीच चर्चा करतात. बोहारणीला जुनेर द्यायचं झालं तरी ते पाण्यातून काढून देतात.

"अंगावरचं कापड कोण मागतो, ते तुला कालेजात शिकवलं न्हाय?" आई म्हणाली. "तुझ्या बापाचा सदरा कुठं गेला ते इचार आधी."

"आई, कुत्रीवर कोण करणी करणार?"

"कुत्रीवर न्हाय. लुगडं कुत्रीचं हाय व्हय? ते बाईंचं हाय."

मी एवढंच म्हणालो की सांगितलंय तसं करू, आणि कॉलेजला गेलो.

संध्याकाळी आलो तेव्हा बाईंची साडी माडांमधल्या दोरीवर वाळत होती. साबणाचा वास फाटकापर्यंत येत होता. आईने ती नुसती धुतली नव्हती, गरम पाण्यात बुचकळून काठीने बडवली होती. कुत्री दोरीखाली बसून वर बघत होती. बाई मुलीकडे गेल्यापासून त्या साडीला मी पाणी लागू दिलं नव्हतं. आईला ते कधी सांगितलं नव्हतं, कारण सांगायला मलाच लाज वाटली असती.

"आता खुशाल दे," आई म्हणाली. "धुतल्यावर त्यात काय ऱ्हात न्हाय."

ती बरोबरच बोलत होती.

सकाळी मी कुत्रीला समुद्रावर नेलं. बोटी आणि घोडागाड्यांची गर्दी सुरू व्हायच्या आत वाळूवर ती रमतगमत चालते. त्या दिवशी तिने सगळं वेळेवर उरकलं, मला बरं वाटलं. घरी येऊन मी तिला दाराशी बांधलं, तिची वाटी, कार्ड आणि घडी केलेली साडी पिशवीत भरली आणि आंघोळीला गेलो. बाहेर आलो तेव्हा रिक्षा आली होती. आई तयार होऊन बसली होती. तिला थंडीवाऱ्याचा त्रास आहे, म्हणून प्रवासात ती डोक्याला आणि कानांना तपकिरी मफलर बांधते. "मी पन येनार," ती म्हणाली. निघताना उंबऱ्यावर तिने कुत्रीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिच्या वतीने स्वतःच म्हणाली, "येते."

दवाखान्यात डॉक्टरांनी कुत्रीला टेबलावर घेतलं, वजन केलं, ताप पाहिला. मग सुई हातात घेऊन मला विचारलं, "रात्रीनंतर काही खाल्लं नाही ना?"

"नाही," मी ठामपणे म्हणालो.

कुत्री काळी होती, म्हणूनच त्या गृहस्थांना दिसलं. त्यांनी तिचा जबडा वर केला आणि ओठाजवळच्या केसांवरून बोट फिरवलं. बोटाला पांढरं लागलं. त्यांनी ते हुंगलं.

"दही," ते म्हणाले.

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं.

"बोटभर दिलं," आई म्हणाली. "घरातनं मोठ्या कामाला निघताना देतात. ह्याला पन परीक्षेला दिलं होतं. ह्यो पास झाला."

"फक्त दहीच ना, आजी?"

"व्हय." थोड्या वेळाने, "दह्याबरोबर भाकरीचा तुकडा."

"केवढा?"

"चतकोर." आई छताकडे बघायला लागली. "अर्धी आसंल. नुसती खाईना म्हनून थोडं सुकट लावलं."

गृहस्थ म्हणाले, "म्हणजे पंगतच बसली होती."

डॉक्टर रागावल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा बदलला. भूल दिल्यावर पोटातलं उलटून वर आलं आणि छातीत गेलं तर टेबलावरच जीव जाऊ शकतो, असं त्यांनी आम्हाला सरळ सांगितलं. आज ऑपरेशन होणार नाही. उद्या सकाळी पहिलं हेच करू. "पण आजची रात्र ती इथेच राहील."

"आम्ही उद्या उपाशी आणतो ना," मी म्हणालो.

"नको." त्या माझ्याशी बोलत होत्या, पण बघत आईकडे होत्या. "माफ करा, पण तुमच्या घरावर माझा भरवसा नाही."

इतके दिवस मी या दवाखान्याच्या कड्या हलवून बघत होतो. ते वाक्य ऐकून माझे कान तापले. मी पिशवीतून साडी काढून दिली.

ती पिंजऱ्यात अंथरली. कुत्री आत गेली, साडी हुंगली, दोन वेळा गोल फिरली आणि साडीवरून उतरून उघड्या फरशीवर उभी राहिली. तोंड दाराकडे. शेपूट खाली. तिचे मागचे पाय थरथरत होते. बाईंनी जे करू नकोस म्हणून सांगितलं होतं ते मी करत होतो, आणि ती ते ओळखत होती, असं मला वाटलं.

"हे धुतलंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

आता आई माझ्याकडे बघत नव्हती. ती पुढे झाली. "बाय, मला एक सांग. न धुतलेलं तुला कशाला पायजे?"

तोवर तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. फोन करणाऱ्या गृहस्थांनी नाही आणि मीही नाही, कारण मी विचारलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाल्या, "आजी, रात्री हिला जाग आली की अंधारात काही ओळखीचं दिसणार नाही. नाकाला घराचा वास आला तर तिला वाटेल, माणसं जवळपास आहेत. मग ती झोपते. घाबरत नाही. घाबरली नाही तर भूलही नीट चढते."

"इतकंच?"

"इतकंच."

आई थोडा वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. बाजारात मासळीवाली भाव सांगते तेव्हा बघते तशी. मग तिने हनुवटीखालची गाठ सोडली आणि कानांवरचा मफलर काढला. कित्येक महिन्यांत त्याला पाणी लागलं नव्हतं. तिने तो डॉक्टरांच्या हातात दिला नाही. स्वतः वाकली, गुडघ्यावर हात टेकून खाली बसली, आणि पिंजऱ्यात हात घालून साडीवर पसरला.

"उद्या मला तो परत पायजे," ती उठताना म्हणाली. "ह्याच दवाखान्यात ऱ्हायला न्हाय पायजे."

कुत्रीने मफलर हुंगला. लगेच काही त्यावर बसली नाही. आम्ही दारापर्यंत पोचलो तेव्हा मागे फरशीवर नखांचा आवाज आला आणि थांबला. मी वळून पाहणार होतो, गृहस्थांनी दार लावून घेतलं.

संध्याकाळी मी फोन केला. "झोपलीय," गृहस्थ म्हणाले. हे तर ते काहीही झालं असतं तरी म्हणाले असते.

"कुठल्या कुशीवर?"

"डाव्या. पाहिजे तर उठवून विचारतो."

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात परीक्षानळ्या धूत होतो तेव्हा डॉक्टरांचा फोन आला. गाठ निघाली होती. शुद्धीवर यायला जरा वेळ लागला, पण आली होती. संध्याकाळी आम्ही गेलो तेव्हा तिच्या गळ्यात प्लास्टिकची मोठी गळपट्टी होती, डोळे धुक्यातले, आणि तरी आईचा आवाज ऐकून तिने शेपटीचं टोक हलवलं. आईने आधी मफलर ताब्यात घेतला, उलटसुलट करून पाहिला, कमरेला खोचला. मग कुत्रीचा कान उचलून आतली जुनी चीर पाहिली.

"हीच हाय," ती म्हणाली.

"आमच्याकडे बदली करायला दुसरी अशी नाही, आजी," गृहस्थ म्हणाले.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. गाठ तपासायला पाठवली होती, पण त्यांना ती चांगली वाटली नव्हती. आत्ता बरं वाटेल. पुढे वर्ष जाईल, कमी जाईल, जास्त जाईल, आत्ताच सांगता येणार नाही. मी विचारलं, हे नक्की का? त्या म्हणाल्या, "नक्की असतं तर नक्की म्हटलं असतं." यावेळी मी त्यांच्या बोलण्यात दुसरं काही शोधलं नाही.

आईने तो मफलर त्याच रात्री मिठाच्या पाण्यात भिजत घातला. चार दिवसांनी मी बाईंना पत्र लिहायला बसलो. मुलीला फोन करून सांगणं सोपं होतं, पण ते बाईंपर्यंत पोचेल याची मला खात्री नव्हती. अक्षर मोठं काढलं, ओळी लांब लांब सोडल्या, आणि बाईंच्याच नावावर टाकलं.

आदरणीय बाई,

साष्टांग नमस्कार.

तुमची कुत्री बरी आहे. हे पहिल्यांदा लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना घाबरायला नको. तिच्या पोटाखाली गाठ आली होती, ती काढावी लागली. त्यासाठी मी तिला एक रात्र दवाखान्यात ठेवलं. तुम्ही नको म्हणाला होतात. तुम्हाला विचारायचं होतं, पण तुमच्या डोळ्यांना ताण नको म्हणून मला कुणी विचारू दिलं नाही. त्यांचंही बरोबर असेल. मला ते अजून नीट ठरवता आलेलं नाही.

ऑपरेशन एक दिवस उशिरा झालं, कारण आईने तिला दहीभाकरी खाऊ घातली. तुमची साडीही आईने धुतली. त्यात तुमचा वास होता तो गेला. दुसरी पाठवलीत तर बरं होईल, आणि ती न धुता पाठवा. या वेळी आई ती धुणार नाही, ते मी बघेन.

टाके सुकत आहेत. जेवते. समुद्रावर अजून नेत नाही, वाडीतल्या वाडीत फिरवतो. डॉक्टर म्हणतात की गाठ पुन्हा येऊ शकते आणि फार दिवस धरून चालू नये. तुम्ही मला शाळेत कधी गोड करून काही सांगितलं नाहीत, म्हणून मीही सांगत नाही.

बाई, तुम्ही तळ्याला परत येणार आहात का? येणार असाल तर लवकर या. मी स्टँडवर तिला घेऊन उभा राहीन. येणार नसाल, तिकडे लेकीजवळ तुम्हाला बरं वाटत असेल, तर तेही लिहा. मला वाईट वाटणार नाही. कुत्री शेवटपर्यंत आमच्याकडे राहील. एकदा मी आणि आई मिळून तिला तुमच्याकडे भेटायला आणू, बिल्डिंगच्या खाली थांबवू, तुम्ही उतरून या.

जे असेल ते फोनवर कुणाकडून कळवू नका. उत्तर तुमच्या हाताने लिहा. दोन ओळी पुरेत, वाकड्या आल्या तरी मी ओळखेन.

तुमचा विद्यार्थी